पुन्हा न येणारे विद्यार्थी

मी संख्याशास्त्र शिकवते. माझे वर्ग दोन प्रकारचे असतात. एका वर्गात ज्यांनी हा विषय पदवीसाठी घेतलाय ती मुलं बसतात. त्यांची-माझी गाठ पुढची दोन-तीन वर्षं पडत राहते, त्यामुळे आज जे राहून गेलं ते पुढच्या सेमिस्टरला भरून काढता येतं. दुसऱ्या वर्गात साहित्याची, वाणिज्याची, जीवशास्त्राची, संगीताची मुलं येतात, कारण नियमानुसार त्यांना आपल्या शाखेबाहेरचे काही क्रेडिट मिळवावे लागतात. सेमिस्टर संपलं की ती जातात. त्यांतली बहुतेक आयुष्यात पुन्हा कधी संख्याशास्त्राच्या वर्गात पाऊल ठेवणार नाहीत.

या दुसऱ्या वर्गाला काय शिकवायचं, हा प्रश्न मला पहिल्या वर्गापेक्षा कितीतरी अवघड वाटत आला आहे. गंमत म्हणजे सगळीकडे हाच वर्ग दुय्यम मानला जातो. तो कुणाच्या गळ्यात घालायचा हे बाकीची वेळापत्रकं भरून झाल्यावर ठरतं. विभागात जो सगळ्यात नवा किंवा सगळ्यात कमी भांडणारा, त्याच्याकडे तो जातो. मला तो मिळाला तेव्हा मी नवी होते. पुढे मी तो मागून घेऊ लागले, तेव्हा सहकाऱ्यांना वाटलं की मला मुख्य वर्गाचा कंटाळा आला असावा.

या प्रेमापोटीच बहुधा, पदवीच्या सर्व विद्यार्थ्यांसाठी सामान्य शिक्षणाची, म्हणजे आपल्या शाखेबाहेर जे सगळ्यांनीच शिकायचं त्याची, उद्दिष्टं ठरवणाऱ्या एका समितीवर माझी वर्णी लागली. पहिल्याच बैठकीत मसुदा तयार होता. विद्यार्थी चिकित्सक विचार करू शकेल. परिणामकारक संवाद साधू शकेल. विविध ज्ञानशाखांची ओळख करून घेईल. नैतिक मूल्यांची जाण ठेवेल. जबाबदार नागरिक होईल. आयुष्यभर शिकत राहील. वाचून सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, कारण यात नाही म्हणण्यासारखं काय आहे? पण अशा याद्यांसाठी माझी एक साधी चाचणी आहे: वाक्य उलटं करून बघायचं. 'आमचा विद्यार्थी अजिबात चिकित्सक विचार करणार नाही' असं उद्दिष्ट जगाच्या पाठीवर कुणी ठेवेल का? ज्याच्या विरुद्ध बाजूला कुणी उभंच राहू शकत नाही अशा वाक्यानं काही ठरत नाही. ते वाक्य वाचून सोमवारी सकाळी वर्गात मी काय वेगळं करायचं, हे मला कळत नाही.

अशा याद्या जुन्याच आहेत, आणि त्यांतल्या काही तर फार चांगल्या आहेत. १९४५ साली हार्वर्डच्या एका समितीनं सामान्य शिक्षणावर एक अहवाल लिहिला. लाल वेष्टनामुळे तो 'रेडबुक' म्हणून ओळखला जातो. त्यात चार क्षमता सांगितल्या होत्या: नीट विचार करणं, तो विचार दुसऱ्यापर्यंत पोचवणं, प्रसंगाला लागू पडेल असा निर्णय करणं, आणि मूल्यामूल्यांत भेद करता येणं. महायुद्ध संपत आलं होतं, लोकशाही वाचली होती पण थोडक्यात, आणि सैन्यातून परतलेली लाखो तरुण मुलं लवकरच विद्यापीठांत शिरणार होती. त्या चार ओळींच्या मागे ती सगळी भीती होती. आजच्या आमच्या मसुद्यातली वाक्यं त्यांच्याच वंशातली आहेत. फक्त मधल्या काळात त्यांच्यातली भीती निघून गेली आणि शब्द उरले.

त्याआधीचं भांडण आणखी मजेचं आहे. १८२८ मध्ये येलच्या अध्यापकांनी एक अहवाल काढून ग्रीक-लॅटिनच्या सक्तीचं समर्थन केलं. शिक्षणातून दोन गोष्टी मिळवायच्या, असं ते म्हणाले: मनाची शिस्त आणि मनातलं सामान, म्हणजे ज्ञानाचा साठा. या दोहोंत बहुधा शिस्तच जास्त महत्त्वाची, असंही त्यांनी म्हटलं. लॅटिनचं व्याकरण घोटलं की मन घडतं, आणि असं घडलेलं मन मग कशालाही लावता येतं. हा युक्तिवाद इतका सोयीचा आहे की आजही प्रत्येक विषयाचा शिक्षक आपल्या विषयाबद्दल तो करतो. गणितानं तर्क सुधारतो, साहित्यानं सहानुभूती वाढते, बुद्धिबळानं एकाग्रता येते.

त्याला पहिला मोठा तडा १९०१ मध्ये गेला. एडवर्ड थॉर्नडाइक आणि रॉबर्ट वुडवर्थ यांनी लोकांना आयतांचं क्षेत्रफळ नजरेनं अंदाजायला शिकवलं. सरावानं लोक त्यात तरबेज झाले. मग त्यांच्यापुढे वेगळ्या आकारांच्या आकृत्या ठेवल्या, तर कमावलेली बरीचशी हुशारी आयतापाशीच राहिलेली दिसली. मन म्हणजे कुठंही वापरता येणारा कमावलेला स्नायू नव्हे, असं त्यातून दिसू लागलं. येलच्या अध्यापकांनी ज्या शिस्तीवर सगळा डाव लावला होता ती आपोआप एका विषयातून दुसऱ्यात जात नाही.

दरम्यान हार्वर्डचे अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी वेगळीच वाट धरली होती. १८६९ ते १९०९ अशी चाळीस वर्षं ते पदावर होते, आणि त्या काळात त्यांनी सक्तीचे विषय एकेक करून जवळजवळ सगळे काढून टाकले. तरुण माणूस आपल्याला काय हवं ते स्वतः निवडेल, हा त्यांचा विश्वास. मुलांनी निवडलंही, पण बरेचदा सोपे आणि सोयीच्या वेळेचे तास. एलियटनंतर आलेल्या लॉवेल यांनी मधला मार्ग काढला: एका विषयात खोली, आणि बाकीचे थोडे थोडे वेगवेगळ्या गटांतून. तोच साचा आज जगभर पसरला आहे. या गटातून दोन, त्या गटातून एक.

या साच्याबद्दल स्पष्टच बोलते. गट कसे पाडायचे, कुठल्या गटातून किती घ्यायचे, हे ठरवताना ज्ञानाच्या स्वरूपाविषयी चर्चा होते असं बाहेरच्यांना वाटत असेल. मी पाहिलेल्या बैठकांत चर्चा तासांच्या वाटणीची होते. सक्तीच्या गटात नाव आलं की विद्यार्थी मिळतात, विद्यार्थी मिळाले की पदं टिकतात. पोटापाण्याचा प्रश्न आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मात्र त्यातून निघालेल्या तहाला तत्त्वज्ञानाचा पोशाख चढवायचं काम शेवटी उद्दिष्टांच्या यादीवर येतं, म्हणूनच ती इतकी गुळगुळीत असते.

आणि मग वर्गात काय होतं? मुलगी भूशास्त्राचा एक पेपर घेते. तो पेपर भूशास्त्र विभागानं आपल्या विद्यार्थ्यांसाठी बेतलेल्या पहिल्या पेपरची पातळ आवृत्ती असतो. खनिजांची नावं, खडकांचे प्रकार, कालखंडांचा तक्ता. जिन्याची ही पहिली पायरी; वर जायचं असेल तर अगदी योग्य. पण ही मुलगी वर जाणारच नाहीये. तिला पहिल्या पायरीवर उभं करून आपण सांगतो, इमारत छान आहे हं.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि समितीत मी ते बऱ्याच वेळा मांडलं: हा तिचा भूशास्त्रातला पहिला अभ्यासक्रम नाही, शेवटचा आहे. तो शेवटचा आहे असं धरून आखा. पुढचं कुणी भरून काढणार नाही. 'हे का ते तुम्हाला पुढच्या वर्षी कळेल' हे आम्हा शिक्षकांचं लाडकं वाक्य इथं चालत नाही. या विषयाशी तिचा संबंध यापुढे बातमीतून, न्यायालयातून, डॉक्टरच्या खोलीतून किंवा मतपत्रिकेतून येईल. त्या वेळी आपल्यापुढे काय आलंय हे तिला ओळखता यावं, यासाठी आज काय द्यायचं?

असा विचार करायला लागलं की विषयाचा क्रमच उलटा होतो. भूशास्त्रातलं मला वाटतं ते उदाहरण सांगते. आल्फ्रेड वेगेनर या जर्मन हवामानशास्त्रज्ञानं १९१२ साली मांडलं की खंडं एकेकाळी जोडलेली होती आणि नंतर दूर सरकली. किनारे एकमेकांत बसत होते, समुद्रापलीकडच्या खडकांत सारखे जीवाश्म सापडत होते. तरी बहुतेक भूशास्त्रज्ञांनी ते मानलं नाही. ते मूर्ख होते म्हणून नव्हे. एवढी खंडं कुठल्या बळानं सरकतील याचं पटणारं उत्तर वेगेनरकडे नव्हतं. १९३० मध्ये ग्रीनलंडच्या मोहिमेवर तो वारला. मग समुद्रतळाचे नकाशे झाले, तळावरच्या खडकांत चुंबकत्वाचे उलटसुलट पट्टे सापडले, १९६३ मध्ये व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी त्या पट्ट्यांचा अर्थ लावला की समुद्रतळ नव्यानं तयार होऊन दोन्ही बाजूंना सरकतो आहे, आणि दशक संपेपर्यंत अख्ख्या विद्याशाखेनं मत बदललं. खनिजांची नावं विसरली तरी चालतील, पण एखादा शास्त्रज्ञांचा समुदाय चांगल्या कल्पनेला का नाकारतो आणि नंतर कशामुळे स्वीकारतो, हे ज्यानं एकदा जवळून पाहिलं तो 'शास्त्रज्ञ तर सारखी मतं बदलतात' या वाक्याला सहजासहजी बळी पडणार नाही. 'गॅलिलिओलाही लोक हसलेच होते, म्हणजे माझंही बरोबर' या वाक्यालाही नाही.

इतिहासात मी लोरेन्झो वल्ला घेतला असता. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइननं पश्चिमेकडचा मुलूख पोपला बहाल केल्याचं एक दानपत्र होतं, आणि शतकानुशतकं त्याचा आधार घेतला जात होता. १४४० मध्ये वल्लानं ते बनावट असल्याचं दाखवून दिलं, तेही मुख्यतः भाषेच्या आधारे. चौथ्या शतकातल्या रोमन दरबाराच्या कागदात 'क्षत्रप' कुठून आले? असले अधिकारी त्या दरबारात नव्हतेच. कागद कोण लिहितंय, कुणासाठी, आणि त्या काळात हे असं लिहिलं गेलं असतं का, हे तीन प्रश्न ज्याला सवयीनं पडतात त्याला सनावळ्या पाठ नसल्या तरी मी इतिहास शिकलेला म्हणेन. रोज फोनवर येऊन पडणाऱ्या मजकुराला हेच तीन प्रश्न लागू पडतात, हे मात्र वर्गात मोठ्यानं सांगायला हवं. ते का, त्याकडे येतेच.

आधी माझ्या विषयातलं एक उदाहरण, कारण तिथं मला अधिकारानं बोलता येतं. १९७८ मध्ये वॉर्ड कॅसेल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हार्वर्डशी जोडलेल्या रुग्णालयांतल्या ६० जणांना एक प्रश्न विचारला. हे सगळे डॉक्टर किंवा वैद्यकीय विद्यार्थी होते. एक आजार हजारात एकाला असतो. त्याची चाचणी आजार नसलेल्यांपैकी ५ टक्के लोकांनाही आजार आहे असं चुकून सांगते. एखाद्याची चाचणी पॉझिटिव्ह आली, त्याच्याबद्दल दुसरं काहीच माहीत नाही, तर त्याला खरोखर आजार असण्याची शक्यता किती? जवळजवळ निम्म्यांनी ९५ टक्के सांगितली. बरोबर उत्तर साधारण २ टक्के. ते ६० पैकी ११ जणांना आलं.

सूत्र लिहिलं तर हा प्रश्न भीतिदायक दिसतो. माणसं मोजली तर तो पाच ओळींत सुटतो. हजार माणसं घ्या. त्यांतला एक आजारी. चाचणीनं त्याला पकडलं असं धरू. उरलेल्या ९९९ पैकी ५ टक्के, म्हणजे सुमारे ५० निरोगी माणसं, चुकून पकडली जातील. पॉझिटिव्ह आलेले एकूण ५१. त्यांतला खरा आजारी एक. बस्स.

माझ्या मुख्य वर्गाला मी यासाठी बेजचा सिद्धांत, म्हणजे नवा पुरावा हाती आल्यावर शक्यता किती बदलते ते काढायचं सूत्र, शिकवते, चिन्हांसकट, आणि ते योग्यच आहे, कारण त्यांना पुढे त्याच्यावर इमारत बांधायची आहे. दुसऱ्या वर्गाला मी चिन्हं जवळपास दाखवतच नाही. हजार माणसं मोजायला लावते. मग तीच मोजणी विमानतळावरच्या संशयितांवर, परीक्षेतल्या कॉपीच्या आरोपावर, मुलाखतीतल्या मानसिक चाचणीवर करायला लावते. एकदा संगीताच्या एका विद्यार्थिनीनं तास संपल्यावर विचारलं, "मॅडम, म्हणजे दुर्मीळ गोष्टीची चाचणी कितीही चांगली असली तरी पहिल्या फटक्यात विश्वास ठेवायचा नाही, असंच ना?" असंच. सेमिस्टरभराचा अर्धा माल त्या एका प्रश्नात होता. तिला सूत्र येत नव्हतं, आणि त्यानं माझं काही बिघडत नव्हतं.

यावर एक रास्त शंका येते, आणि ती मी वर थॉर्नडाइकच्या निमित्तानं स्वतःच ओढवून घेतली आहे. आयतापाशी हुशारी अडकते, तर चाचणीपाशी का अडकणार नाही? याचं उत्तर नुसतं हो किंवा नाही असं देता येत नाही. १९८८ साली डॅरिन लेहमन, रिचर्ड लेम्पर्ट आणि रिचर्ड निस्बेट यांनी कायदा, वैद्यक, मानसशास्त्र आणि रसायनशास्त्र या शाखांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांची रोजच्या आयुष्यातल्या प्रश्नांवरची विचारशक्ती तपासली. मानसशास्त्र आणि वैद्यकाच्या विद्यार्थ्यांचा संख्याशास्त्रीय अंगानं विचार करण्याचा वकूब शिक्षणाच्या काळात चांगला वाढला होता. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा वाढला नव्हता. यात रसायनशास्त्राचा काही दोष नाही. त्यांच्या प्रयोगशाळेतले रेणू ठरल्याप्रमाणे वागतात. मानसशास्त्र आणि वैद्यकात मात्र माणसं माणसांसारखी वागतात, आणि नमुना पुरेसा होता का, दुसरं काही कारण असेल का, हे प्रश्न रोज पडतात. जे रोज करायला लागतं, आणि ज्याचा रोजच्या आयुष्याशी असलेला संबंध उघड दिसतो, तेच बाहेर वापरलं जातं.

दुसरा एक प्रयोग याहून जास्त टोचणारा आहे. मेरी गिक आणि कीथ होलिओक यांनी १९८० मध्ये विद्यार्थ्यांना एक गोष्ट वाचायला दिली: किल्ल्यावर एकाच रस्त्यानं मोठं सैन्य नेता येत नाही, म्हणून सेनापती छोट्या तुकड्या सगळ्या बाजूंनी एकाच वेळी पाठवतो. मग एक वैद्यकीय कोडं दिलं: गाठ जाळायची आहे, पण तेवढा तीव्र किरण वाटेतली निरोगी पेशीजालंही जाळेल. उत्तर तेच, अनेक बाजूंनी सौम्य किरण. तरीही आपणहून ते जोडणारे थोडेच निघाले. 'मघाच्या गोष्टीचा उपयोग होतो का बघा' एवढं म्हटल्याबरोबर बहुतेकांना उत्तर सापडलं. म्हणजे ज्ञान डोक्यात होतं, पण हाच त्याचा प्रसंग आहे हे कुणी तरी सांगावं लागलं. पदवीनंतर सांगायला कुणी नसतं. आपल्यापुढचा प्रश्न कुठल्या जातीचा आहे हे विनासूचना ओळखता येणं, एवढीच माझी सामान्य शिक्षणाची व्याख्या आहे. आणि हे नुसत्या दहा विषयांच्या ओळखीनं होत नाही. तसं ओळखण्याचा वेगळा सराव लागतो.

आतापर्यंत विद्यार्थ्यांच्या फायद्याचं बोलले. शिक्षकाच्या फायद्याचंही बोलायला हवं, कारण तो कुणी सांगत नाही.

रेडबुकची समिती नेमणारे हार्वर्डचे अध्यक्ष जेम्स कोनंट स्वतः रसायनशास्त्रज्ञ होते. विज्ञान न घेणाऱ्या विद्यार्थ्यांना विज्ञानातली माहिती पाजण्यात अर्थ नाही, विज्ञान चालतं कसं हे त्यांना दिसलं पाहिजे, असं त्यांचं मत. त्यासाठी जुन्या प्रयोगांची प्रकरणं घेऊन शिकवायचा अभ्यासक्रम त्यांनी काढला, आणि मदतीला भौतिकशास्त्रात पीएच.डी. करणारा एक तरुण घेतला. त्याचं नाव थॉमस कून. १९४७ मध्ये यांत्रिकीच्या उगमावर व्याख्यानं तयार करायची म्हणून कून अॅरिस्टॉटल वाचायला बसला. न्यूटनच्या चष्म्यातून वाचताना त्याला अॅरिस्टॉटल गतीच्या बाबतीत अगदीच अडाणी वाटला. पण इतर विषयांत इतकं बारीक निरीक्षण करणारा माणूस इथंच एवढा कसा चुकेल? आणि मग, कूननं पुढे अनेकदा सांगितल्याप्रमाणे, एका क्षणी सगळं जागच्या जागी बसलं. अॅरिस्टॉटल 'गती' म्हणताना फक्त जागा बदलण्याबद्दल बोलतच नव्हता. फळ पिकणं, माणूस आजारातून उठणं, असे सगळेच बदल त्यात येत होते. तो वाईट न्यूटन नव्हता, वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देत होता. त्या धक्क्यातून निघालेली वाट १९६२ मध्ये 'द स्ट्रक्चर ऑफ सायंटिफिक रिव्होल्यूशन्स' या, विज्ञान कसं बदलतं ते सांगणाऱ्या त्याच्या गाजलेल्या पुस्तकापाशी पोचली. विज्ञान न शिकणाऱ्यांसाठी घेतलेल्या या अभ्यासक्रमाचं ऋण कूननं पुस्तकाच्या प्रस्तावनेत मान्य केलं आहे.

मला ही गोष्ट फार आवडते. भौतिकशास्त्राच्या मुख्य वर्गाला शिकवताना अॅरिस्टॉटल वाचण्याची वेळच आली नसती. तिथं सगळ्यांनाच न्यूटनपासून पुढे जायचं असतं, मागे वळून हे असंच का म्हणून विचारायला कुणाला सवड नसते. परके विद्यार्थी समोर बसले की आपल्या विषयातली गृहीतकं आपल्याच अंगावर येतात. आम्ही सरासरी इतक्या सहज का काढतो, हा प्रश्न मला साहित्याच्या मुलांनी विचारला. संख्याशास्त्राच्या मुलांनी कधीच विचारला नाही.

उपयोगाचं काय, हा विद्यार्थ्यांचा प्रश्न टाळण्यात अर्थ नाही. शिक्षणाला पैसा लागतो, वेळ लागतो, आणि घरी कमावत्याची वाट बघणारी माणसं असतात. ज्याला लवकरात लवकर नोकरी लागायला हवी त्याला 'परिपूर्ण माणूस' घडवण्याच्या गप्पा ऐकवणं मला उद्धटपणा वाटतो. सामान्य शिक्षणाची बाजू घेणारे बहुतेक जण इथं उदात्त होतात. मी होत नाही. त्याचा एक पेपर आपण सक्तीनं घेत असू तर त्या पेपरानं आपली किंमत वसूल करून दिली पाहिजे. पातळ केलेल्या पहिल्या पायरीला ती किंमत मागायचा हक्क नाही. जपानमध्ये महायुद्धानंतर विद्यापीठांना सामान्य शिक्षण सक्तीचं झालं आणि १९९१ मध्ये नियम सैल होताच अनेक विद्यापीठांनी आपले सामान्य शिक्षणाचे विभाग मोडीत काढले. कागदावर उद्दिष्टं तिथंही चांगलीच होती. उलट इंग्लंडमध्ये, जिथं एकाच विषयात खोल जायची पद्धत, तिथं कील इथं १९५० मध्ये सुरू झालेल्या नव्या विद्यापीठीय महाविद्यालयानं सगळ्यांना पहिलं वर्ष एकत्र शिकवायचं ठरवलं, आणि त्यासाठी पदवी चार वर्षांची केली. भारतात राधाकृष्णन आयोगानंही १९४९ च्या अहवालात सामान्य शिक्षणाची शिफारस केली होती. प्रत्येक पिढी हे नव्यानं शोधते आणि प्रत्येक पिढी वेळापत्रकापाशी अडते.

आता परीक्षा. 'कोर्स आउटकम', म्हणजे अभ्यासक्रमाअखेर विद्यार्थ्याला काय यायला हवं ते, लिहिताना आम्हा शिक्षकांच्या हातात क्रियापदांचा एक तक्ता ठेवतात: आठवणे, समजणे, उपयोजन करणे, विश्लेषण करणे वगैरे. त्याचं मूळ बेंजामिन ब्लूम आणि सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वर्गीकरणात आहे. पण ब्लूम कोण होते? शिकागो विद्यापीठाचे परीक्षक. तिथं १९३१ पासून पदवीच्या सुरुवातीच्या सामान्य अभ्यासक्रमांना हजेरी ऐच्छिक होती आणि शेवटी लांबलचक सर्वंकष परीक्षा असे. ती वर्गात शिकवणाऱ्याच्या लहरीवर न सोडता परीक्षकांचं स्वतंत्र मंडळ घेई. वेगवेगळ्या ठिकाणच्या अशा परीक्षकांना एकमेकांचे चांगले प्रश्न वापरता यावेत, त्यासाठी सर्वांची भाषा एक असावी, म्हणून १९४८ च्या सुमारास त्या वर्गीकरणाचं काम सुरू झालं. ते प्रश्नांची देवाणघेवाण करण्यासाठी होतं. आज आमच्याकडे क्रियापदं आली आहेत, प्रश्न तिकडेच राहिले.

म्हणून समितीत मी सुचवलं की उद्दिष्टं वाक्यांत लिहूच नका, प्रश्नांत लिहा. विद्यार्थी कोणते वीस-पंचवीस प्रश्न सोडवू शकला तर आपण समाधानी होऊ, ते प्रत्येक विभागानं आणून द्यावेत. नागरिक म्हणून जबाबदार वगैरे ठीक, पण अर्थसंकल्पाची एक बातमी समोर ठेवली तर तो आधी काय विचारेल? यावर भांडता येतं, आणि भांडणातून काहीतरी ठरतं. झालंही तसंच. इतिहासवाल्यांचा प्रश्न मला भोंगळ वाटला, माझा प्रश्न त्यांना पोरकट वाटला. इतकी चांगली बैठक त्याआधी झाली नव्हती. एका मुद्द्यावर मात्र मी हरले. नैतिक विचाराचे प्रश्न परीक्षेत घ्यावेत असं माझं मत होतं. तत्त्वज्ञानाच्या सहकाऱ्याचं म्हणणं, परीक्षेत मुलं तुम्हाला हवं ते नैतिक उत्तर लिहून देतील, त्यापेक्षा तोंडी चर्चा घ्या. त्याचं बरोबर होतं.

मसुद्यातली गुळगुळीत वाक्यं राहिलीच, नियमानं ती लागतात. प्रश्न परिशिष्टात गेले. पण एक मिश्र परीक्षा प्रायोगिक म्हणून मंजूर झाली: इतिहास, भूशास्त्र, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र यांचे प्रश्न एकत्र, कुठल्याही क्रमानं. माझी अट एकच होती. प्रश्नपत्रिकेवर विषयाचं नाव नको. समोरचा प्रश्न आकड्यांचा आहे, साक्षीपुराव्याचा आहे की मूल्यांचा, हे विद्यार्थ्यानंच ठरवायचं; आपण वर 'संख्याशास्त्र' असं छापलं की 'मघाच्या गोष्टीचा उपयोग होतो का बघा' असं सांगितल्यासारखंच झालं. परीक्षा विभागानं अट फेटाळली. प्रणालीत विषयाचा कोड भरल्याशिवाय प्रश्नपत्रिका छापताच येत नाही म्हणे. शेवटी आम्ही चारही विभागांचे कोड एकाच पानाच्या डोक्यावर छापून घेतले. पहिल्या अर्ध्या तासात तीन मुलं पर्यवेक्षकाकडे तक्रार घेऊन गेली की त्यांना चुकीचा पेपर मिळालाय.